रुग्णालयातील मुक्कामाची तयारी: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या घरच्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील ज्या घरांत बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ व्यक्ती आहे, त्या घरांतून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण चार दिवसांच्या मुक्कामाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. अधिक विचारल्यावर कळते, की पैशांची सोय केलेली होती, रजा टाकलेली होती, बॅगही भरलेली होती; मात्र त्या व्यक्तीविषयी आईला जे ठाऊक असते ते रात्रपाळीच्या सिस्टरपर्यंत पोहोचवण्याचे काम कुणीच केलेले नव्हते. पुढे दिलेला क्रम मुख्यतः याच कामासाठी आहे. माझ्या चौतीस वर्षांच्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, आणि त्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका आम्ही केल्या होत्या.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ या शब्दाने ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता समजली जाते, तर आपल्याकडे डॉक्टर आणि शाळा त्याच शब्दाने डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता समजतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही या दोन वेगळ्या नोंदी आहेत. इंटरनेटवर वाचलेला शब्द तुम्ही केसपेपरवर लिहून घेतला, तर रुग्णाला वाचायला थोडे जड जाते एवढाच अर्थ समोरचा घेईल आणि संमतीपत्र त्याच्या हातात ठेवून निघून जाईल. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर जो शब्द आहे तोच सांगावा, आणि त्याला जोडून एक साधे वाक्य सांगावे: ‘याला छोटी वाक्ये समजतात, वेळ आणि आकडे समजत नाहीत.’

टप्पा १: कागदपत्रे (दाखल होण्यापूर्वी तीन-चार आठवडे)

यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र), आधार कार्ड, शिधापत्रिका, विम्याचे कागद आणि जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावावेत. यूडीआयडी काढलेले नसेल तर ऑनलाइन अर्ज आत्ताच करावा, पण तपासणीसाठी वेळ लागतो, म्हणून या मुक्कामाआधी ते हातात पडेलच असे गृहीत धरू नये.

संमतीचा प्रश्न बहुतेक कुटुंबांना दाखल होण्याच्या दिवशीच प्रथम कळतो. व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आई-वडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समावेशाने बनलेली स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. २०१६ च्या अधिनियमातील कलम १४ मध्ये मर्यादित, म्हणजे ठरावीक निर्णयापुरत्या पालकत्वाचीही तरतूद आहे. प्रत्यक्षात बरीच रुग्णालये जवळच्या नातेवाइकाच्या सहीवर काम पुढे नेतात, परंतु काही ठिकाणी पालकत्वाचा कागद मागितला जातो, आणि तो ऐनवेळी कुठूनही मिळत नाही.

इथे आपल्या भागातील एक नेहमीची चूक सांगणे भाग आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ आणि सीबीडी बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे आणि पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात येतात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेले असते, म्हणून खारघरची मंडळी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन जातात आणि दिवस वाया घालवून परततात. त्यांचा जिल्हा रायगड असून त्यांचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे. अर्ज कसा भरायचा हे समजून घेण्यासाठी वाशी येथील महापालिकेचे ईटीसी केंद्र (दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) किंवा खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचे प्रादेशिक केंद्र येथे विचारणे सोयीचे पडते.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, परंतु प्रत्येक रुग्णालय आणि प्रत्येक शस्त्रक्रिया योजनेत नसते. म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) शस्त्रक्रियेचे नेमके नाव सांगून आधीच विचारावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तिथे खर्च आपण करून नंतर बिलांवर परतावा मागायचा असतो, आणि नावनोंदणी आधी झालेली असावी लागते.

*पडताळणी: सहीचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न रुग्णालयाला दाखल होण्यापूर्वी विचारला आहे का? नसेल तर टप्पा ३ मध्ये तो पहिला प्रश्न असावा.*

टप्पा २: माहितीचे पान

ब्रिटनमधील रुग्णालयांत यासाठी ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ नावाचा कागद वापरतात आणि पुष्कळ ठिकाणी तो सिग्नलच्या तीन रंगांत मांडलेला असतो: जिवाशी संबंधित गोष्टी लाल, दैनंदिन मदतीच्या गोष्टी पिवळ्या, आवडीनिवडी हिरव्या. ही मांडणी घेण्यासारखी आहे, पण पाने वाढवू नयेत. आमच्या पहिल्या प्रयत्नात सात पाने झाली होती आणि ती कुणीही उलगडली नाहीत. एकच पान, मोठ्या अक्षरांत, पाठपोट असावे. वॉर्डात मराठी न वाचणारा कर्मचारीवर्गही पुष्कळ असतो, म्हणून एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर इंग्रजीत लिहावा.

लाल भागात प्रथम औषधे येतात. गोळीचा रंग किंवा डब्याचे वर्णन न लिहिता मूळ औषधाचे नाव, कंपनीचे नाव, मिलिग्रॅम आणि घरी देण्याची घड्याळातली वेळ लिहावी. फिट्सच्या औषधांबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे. घरी सकाळी सात आणि संध्याकाळी सातला दिली जाणारी गोळी वॉर्डाच्या वेळापत्रकात दहा वाजता जाऊ शकते, आणि कंपनीही बदलू शकते; हे बदल आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय होऊ नयेत, असे पानावरच स्पष्ट लिहावे. त्यानंतर ॲलर्जी, शेवटची फिट कधी आली आणि ती किती वेळ चालली, गिळताना ठसका लागतो का, हे नोंदवावे. डाउन सिंड्रोम असल्यास हृदय आणि थायरॉइडची माहिती द्यावीच, शिवाय मानेचा प्रश्न कधी तपासला आहे का हेही लिहावे. काही व्यक्तींमध्ये मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो आणि भूल देताना मान मागे वाकवावी लागते, म्हणून भूलतज्ज्ञाला ही गोष्ट आधी कळणे गरजेचे आहे.

लाल भागातील शेवटची नोंद दुखण्याची, आणि माझ्या मते संपूर्ण पानावरील हीच सर्वांत मोलाची ओळ असते. बोलून सांगता न येणारी व्यक्ती दुखणे वागण्यातून सांगते: कुणी कानावर मारून घेते, कुणी जेवण ढकलते, कुणी एकदम गप्प होते. अनोळखी माणसाला हे सगळे ‘त्याच्या अपंगत्वामुळे’ वाटते आणि पोटातील दुखण्याचा शोध घेतलाच जात नाही. म्हणून नेहमीचे वागणे आणि दुखत असतानाचे वागणे शेजारी-शेजारी लिहावे. उदाहरणार्थ: ‘पुढे-मागे डोलणे हे रोजचे आहे. डोलणे थांबवून हात चावणे म्हणजे दुखते आहे.’

याच जागी प्रश्न कसा विचारावा हेही लिहावे. माझा भाऊ ‘दुखतंय का?’ याला ‘हो’ म्हणतो आणि ‘नाही ना दुखत?’ यालाही तितक्याच आनंदाने ‘नाही’ म्हणतो. समोरच्याला खूश करणारे उत्तर देण्याची ही सवय अनेकांत असते. तोच प्रश्न उलटा करून दुसऱ्यांदा विचारावा, किंवा शरीराचे साधे चित्र देऊन बोट ठेवायला सांगावे.

पिवळ्या भागात शौचास जाण्याची खूण, खाण्याचा घट्टपणा, चष्मा, श्रवणयंत्र आणि झोपेची सवय लिहावी. हिरव्या भागात हाक कशी मारायची हे अवश्य असावे. चौतीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हटल्यावर तो तोंड फिरवतो, हे सिस्टरना कळायला आमचे दोन दिवस गेले. नावापुढे ‘दादा’ लावले की तोच माणूस निमूटपणे हात पुढे करतो.

*सावधान: हे पान त्या व्यक्तीसमोर बसून, तिला विचारून लिहावे. ‘तुला काय आवडत नाही?’ याचे उत्तर आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळदा वेगळे निघते.*

*पडताळणी: पानाच्या चार प्रती काढाव्यात (फाइल, खाटेची कड, सोबत थांबणारी व्यक्ती, घर) आणि फोटो किमान तिघांच्या फोनमध्ये असावा. अचानक १०८ ला फोन करून निघावे लागले तर बाकी कोणताही टप्पा करायला वेळ मिळत नाही. तेव्हा हे एक पान तरी हाताशी असते.*

टप्पा ३: रुग्णालयाशी बोलणे (किमान एक आठवडा आधी)

इथे बहुतेक जण चुकीच्या माणसाशी बोलतात. ओपीडीतील डॉक्टर ‘काही काळजी करू नका’ म्हणतात आणि आपण समाधानाने घरी येतो. परंतु रात्री सोबत कोण थांबेल, पास किती मिळतील, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत कुणाला सोडतील, हे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर आणि प्रशासन ठरवत असते. डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि इन्चार्ज सिस्टर या तिघांशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि जे ठरेल ते केसपेपरवर लिहून देण्याची विनंती करावी. तोंडी आश्वासन पाळी बदलली की संपते.

सर्वाधिक अडचण सोबत थांबण्याची येते. सार्वजनिक रुग्णालयांच्या पुरुष वॉर्डात रात्री स्त्री नातेवाइकाला आणि स्त्री वॉर्डात पुरुषाला सहसा थांबू देत नाहीत. ज्या मुलाला आयुष्यभर आईनेच सांभाळले, त्याच्याजवळ रात्री आई नसते, आणि ज्याने त्याला कधी शौचाला नेलेले नाही असा काका ऐनवेळी उभा केला जातो. यावर तीन मार्ग आहेत: दाराजवळची किंवा पडद्याची खाट मागून आईसाठी लेखी परवानगी घेणे, परवडत असल्यास स्वतंत्र खोली घेणे, किंवा त्या काकाला आधीचे दोन आठवडे घरी रोज रात्रीची सवय लावणे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

पुढील मागण्या विनंतीच्या सुरात, परंतु स्पष्टपणे मांडाव्यात. शस्त्रक्रियांच्या यादीत पहिला क्रमांक द्यावा, म्हणजे उपाशी राहण्याचा वेळ कमी होतो. सुई टोचण्याच्या जागी सुन्न करणारे मलम लावता येईल का, हे विचारावे. त्याचा परिणाम व्हायला साधारण तासभर लागतो, त्यामुळे ते आधीच सांगून ठेवावे लागते. विरघळणारे टाके घालता येतील का, हेही विचारावे, कारण टाके काढण्याची दुसरी फेरी पुष्कळदा पहिल्या फेरीपेक्षा कठीण जाते. शक्य असेल तर एकाच भुलेत रक्ततपासणी, दातांची तपासणी यांसारखी रखडलेली कामे उरकता येतील का, याचीही चौकशी करावी.

कुणी ‘सगळ्यांना नियम सारखाच’ असे म्हटले तर वाद न घालता २०१६ च्या अधिनियमातील कलम २५ चा उल्लेख करावा. दिव्यांग व्यक्तींना तपासणी आणि उपचारांत प्राधान्य मिळेल अशी व्यवस्था शासनाने आणि स्थानिक संस्थांनी करावी, असे त्यात म्हटले आहे.

*पडताळणी: तीन नावे लिहून ठेवावीत: भूलतज्ज्ञ, इन्चार्ज सिस्टर आणि अडचण आल्यास भेटायचे प्रशासकीय अधिकारी.*

टप्पा ४: त्या व्यक्तीला सांगणे (चार ते सात दिवस आधी)

‘चल, तलावपाळीला फिरायला जाऊ’ असे सांगून थेट वॉर्डात नेणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्या दिवशी ती युक्ती कामाला येते. पुढची कित्येक वर्षे मात्र ती व्यक्ती तलावपाळीला जायलाही गाडीत बसत नाही. खूप आधी सांगणेही तितकेच त्रासदायक ठरते, कारण महिनाभर रोज ‘आज जायचं?’ हा प्रश्न येत राहतो. चार ते सात दिवसांचा अवधी बहुतेकांना पुरतो. आपल्या माणसाची चिंता कशी वाढते हे पाहून तो कमी-अधिक करावा.

सांगताना क्रम सांगावा, कारणे थोडक्यात ठेवावीत. गाडी, मोठी इमारत, खाट, सुई, झोप, जागे होणे, घरी येणे, अशी सहा-सात चित्रे किंवा फोनवर काढलेले खरे फोटो एका पट्टीवर चिकटवून रोज संध्याकाळी एकदा दाखवावेत. घरी येण्याचे चित्र कधीही वगळू नये. ‘दुखणार नाही’ असे सांगू नये. ‘सुई टोचेल, आपण पाच मोजू, मग संपेल’ असे सांगावे आणि खरोखर पाच मोजण्याचा सराव करावा.

एक रंगीत तालीम अवश्य करावी. ज्या वाहनाने जायचे त्याच वाहनाने, भेटीच्या वेळेत जाऊन लिफ्ट, वॉर्डाचे दार आणि स्वच्छतागृह दाखवावे. भारतीय पद्धतीच्या शौचकुपाची सवय असलेल्या व्यक्तीला कमोडची भीती वाटू शकते, आणि शस्त्रक्रियेनंतरचा दिवस ही भीती प्रथम कळण्याचा दिवस नसावा.

टप्पा ५: बॅग

याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नेहमीची उशी किंवा पांघरूण, पुढून बटणे उघडणारे दोन सैल शर्ट, घरचा पेला आणि ताट, कानावर लावायचे हेडफोन, चार्जर, टॉवेल, डायपर लागत असल्यास जास्तीचे, आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे मूळ पाकिटांत. औषधे वेगळ्या डब्यांत भरू नयेत. पाकिटावरील नाव आणि मुदतीची तारीख डॉक्टरांना दिसली पाहिजे.

टप्पा ६: दाखल होणे आणि शस्त्रक्रिया

घोडबंदर मार्गावरील किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरील सकाळची कोंडी लक्षात घेता सात वाजता बोलावलेले असेल तर आदल्या संध्याकाळीच दाखल होता येईल का, हे विचारावे. दाखल होण्याची नोंद, डिपॉझिट आणि टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेची) खिडकी यांत दोन तास सहज जातात. त्या रांगेत त्या व्यक्तीला उभे करू नये. एकाने कागदांचे काम करावे आणि दुसऱ्याने तिच्यासोबत बाहेर मोकळ्या जागेत थांबावे.

उपाशी राहण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी. साधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांत माहीत नसते. फिट्सची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच लिहून घ्यावे. उपास आहे म्हणून ती स्वतःच्या निर्णयाने कधीही चुकवू नये.

*सावधान: भुकेल्या मुलाची दया येऊन आजीने दिलेल्या एका बिस्किटामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. त्या सकाळी त्या व्यक्तीसमोर कुणीही खाऊ नये आणि खाण्याच्या पिशव्या नजरेआड ठेवाव्यात.*

सलाइनची सुई शक्यतो ज्या हाताने ती व्यक्ती काम करत नाही त्या हाताला लावण्याची विनंती करावी आणि त्यावर बँडेजची सैल गुंडाळी करून घ्यावी; नजरेसमोरून गेलेली सुई उपसली जाण्याची शक्यता कमी होते. शुद्धीवर येताना ओळखीचा चेहरा समोर असावा, हे आधी ठरवून ठेवले असेल तर थिएटरच्या दाराशी पुन्हा एकदा नम्रपणे आठवण करून द्यावी.

टप्पा ७: वॉर्डातील दिवस

सोबतीच्या पाळ्या ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीप्रमाणे न ठरवता डॉक्टरांच्या राउंडप्रमाणे ठरवाव्यात. रात्रभर जागलेल्या माणसालाच रात्रीची हकिगत माहीत असते. तो सकाळी आठला निघून गेला आणि राउंड दहाला झाला, तर नवा माणूस ‘ठीक होता’ एवढेच सांगू शकतो. पाळी राउंडनंतर बदलावी आणि एका वहीत जेवण, लघवी, शौच, झोप व वेदना यांच्या वेळा लिहाव्यात.

शौचाची नोंद लाजेखातर टाळली जाते, आणि नेमकी तीच महागात पडते. पडून राहणे, कमी पाणी आणि काही वेदनाशामक औषधे यांमुळे बद्धकोष्ठ होते, आणि बोलू न शकणारी व्यक्ती ते सांगत नाही. दोन दिवस शौच झाले नाही तर विचारण्याची वाट न पाहता सिस्टरना सांगावे.

प्रत्येक नव्या पाळीच्या सिस्टरना खाटेजवळ बोलावून पानावरील लाल भाग अर्ध्या मिनिटात दाखवावा. ‘सिस्टर, हे एवढं बघून घ्याल का?’ या वाक्याला मला आजवर कुणी नाही म्हटलेले नाही. न सांगितलेल्या गोष्टींवरूनच भांडणे झाली. एका रात्री भावाने सलाइन ओढले म्हणून त्याचे हात बांधले गेले आणि बाकावर झोपलेल्या मला कुणी उठवले नाही. तेव्हापासून आमच्या पानावर लाल अक्षरांत आहे: ‘हात बांधण्यापूर्वी सोबतच्या माणसाला उठवा, तो हात धरून बसेल.’

*पडताळणी: वागण्यात अचानक बदल दिसला तर ‘हे कालपर्यंत नव्हते’ असे स्पष्ट शब्दांत डॉक्टरांना सांगावे आणि ताप, जखम, लघवी व पोट तपासण्याची विनंती करावी.*

टप्पा ८: घरी जाणे

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि ते घाईत हातात ठेवले जाते. निघण्यापूर्वी जुनी आणि नवी औषधे एकाच तक्त्यात वेळेप्रमाणे मांडून सिस्टर किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत; जुने औषध बंद करायचे की चालू ठेवायचे, हे कार्डावर लिहिलेले नसेल तर विचारावेच. जखम खाजवली तर काय करायचे, आंघोळ कधी घालायची, दिव्यांगांच्या कार्यशाळेत जात असल्यास तिथे कधी पाठवायचे आणि कोणत्या लक्षणांवर परत यायचे, ही चार उत्तरे लिहून घ्यावीत. पुढील तपासणीच्या दिवशीही पहिला क्रमांक मागावा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी माहितीचे पान काढून नव्याने कळलेल्या गोष्टी त्यात भराव्यात, कारण आठवड्याभरात त्या विसरल्या जातात. आमच्या पानावर गेल्या खेपेला दोन ओळी वाढल्या: ‘रुग्णालयाचा गाऊन घालत नाही, स्वतःचा शर्ट पुढचा मागे करून घातला तर चालतो’ आणि ‘रक्तदाबाचा पट्टा आधी बहिणीच्या दंडाला बांधून दाखवावा.’